चार मिलिअँपिअरचे शून्य

मराठी साहित्यात कामगार पुष्कळ आहे. काम मात्र फार थोडे आहे. विधान ठोकळ आहे याची आम्हांस कल्पना आहे, आणि अपवाद दाखवणारे वाचक आमच्याहून अधिक वाचलेले असतील याचीही. तरीही ते आम्ही तसेच ठेवतो. नारायण सुर्वे यांच्या कवितेपासून जयंत पवारांच्या 'अधांतर'पर्यंत गिरणगावाने मराठी साहित्याला जे दिले त्याचे मोल आम्ही दरवर्षी वर्गात सांगत आलो आहोत. पण या सगळ्या लेखनात कामगार आपल्याला भेटतो तो बहुधा पाळी सुटल्यावर. चाळीत, खानावळीत, मोर्च्यात, १९८२च्या संपानंतर चूल थंडावलेल्या घरात. यंत्रासमोर उभा असताना तो आठ तास नेमके काय पाहतो, काय ऐकतो, कशावरून काय ठरवतो, हे आपल्याला क्वचितच कळते. त्याचे शोषण दिसते, कौशल्य दिसत नाही. आणि कौशल्य दिसले नाही की शोषणही अर्धेच दिसते. कारखान्यात माणसाचा घाम जसा खर्ची पडतो तसा त्याचा निर्णयही खर्ची पडतो, आणि त्या निर्णयाचा हिशोब आपल्या कथा-कवितेने फारसा मांडलेला नाही.

आम्ही हे लिहीत आहोत ते इटियाडोहच्या परिसरातून. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गाढवी नदीवर १९७०च्या सुमारास पूर्ण झालेले हे मातीचे धरण. त्याच्या कालव्यांचे पाणी खाली गडचिरोली जिल्ह्यातल्या धानाच्या बांध्यांपर्यंत जाते. या मुलखाची ओळख बाहेरच्या वाचकाला जंगल, तलाव आणि झाडीपट्टीची नाटके अशी आहे, आणि ती खोटी नाही. पण धान पिकतो तिथे धान शिजवणाऱ्या गिरण्याही असतात. उसना तांदूळ करणाऱ्या गिरणीत धान गरम पाण्यात भिजवायचा, वाफेवर घ्यायचा, मग वाळवायचा. त्या वाफेसाठी बॉयलर, आणि बॉयलरला जळण म्हणून धानाचेच तूस. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, तिरोड्यात, प्रत्येकी ६६० मेगावॅटचे पाच संच २०१२ ते २०१४ या काळात सुरू झाले. ३३०० मेगावॅटचे ते औष्णिक केंद्र. आमच्या महाविद्यालयात बी.ए.ला मराठी घेऊन बसलेली मुले याच दोन टोकांच्या मधली आहेत. कोणाचा भाऊ आयटीआय करतो, कोणी स्वतःच आयटीआय करून मग पदवीसाठी आलेला असतो.

असाच एक आमचा माजी विद्यार्थी विदर्भातल्या एका कारखान्याच्या बॉयलर विभागात नियंत्रणाच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांची देखभाल करतो. आयटीआयच्या भाषेत 'इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक'. मोठ्या केंद्रांत या विभागाला 'सी अँड आय' म्हणतात. सुटीत आला की तो भेटतो आणि आम्ही त्याला कामाविषयी खोदून खोदून विचारतो. पुढचे बरेचसे त्याच्या बोलण्यातून आम्हांस कळलेले आणि मग पुस्तकांतून पडताळलेले आहे. साहित्याच्या शिक्षकांनी भट्टीच्या तापमानात डोके का घालावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की त्याचे काम प्रथम वाचनाचे आहे आणि मग दुरुस्तीचे.

भट्टीच्या आत आठशे अंश तापमान आहे हे कोणी पाहिलेले नसते. आत एक थर्मोकपल खोचलेले असते: दोन वेगळ्या धातूंच्या तारा, एका टोकाला जोडलेल्या. दोन टोकांच्या तापमानांत फरक पडला की त्यात अगदी बारीक विद्युतदाब निर्माण होतो. सीबेक या शास्त्रज्ञाला हा परिणाम १८२१ साली आढळला. नेहमीच्या वापरातल्या 'के' जातीच्या थर्मोकपलमध्ये तो एका अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टचे दहा लाख भाग केले तर त्यातले एकेचाळीस. आता यातली गोम अशी की ही तार तापमान सांगतच नाही. ती फक्त फरक सांगते. आतले टोक आणि बाहेरचे टोक यांतला फरक. बाहेरचे टोक जिथे जोडलेले आहे त्या पॅनेलचे स्वतःचे तापमान ठाऊक नसेल तर भट्टीचा आकडा काढता येत नाही. डिसेंबरात पॅनेलच्या खोलीत पंधरा अंश असतील, मे महिन्यात पंचेचाळीस. भट्टी तीच असताना तार दोन वेगळ्या गोष्टी बोलेल. म्हणून उपकरणात बाहेरच्या टोकाचे तापमान मोजून ते मिळवण्याची सोय केलेली असते, आणि ती सोय बिघडली की आकडा ऋतूप्रमाणे हलू लागतो. वाचणाऱ्याची जागा धरल्याशिवाय अर्थ लागत नाही, हे आपण आस्वादक समीक्षेच्या तासाला किती आडवळणाने शिकवतो!

दुसरी गोष्ट शून्याची. भट्टीपाशी मोजलेले तापमान नियंत्रण कक्षापर्यंत पोचते ते विद्युतप्रवाहाच्या रूपात, आणि त्याची ठरलेली मोजपट्टी आहे ४ ते २० मिलिअँपिअरची. समजा शून्य ते हजार अंशांचा पल्ला असेल, तर ४ म्हणजे शून्य अंश, १२ म्हणजे पाचशे, २० म्हणजे हजार. मोजपट्टी सरळ शून्यापासून का सुरू केली नाही? कारण तार तुटली तरी प्रवाह शून्यच होतो. 'काही नाही' असे सांगणारा निरोप आणि निरोपच न येणे, या दोन गोष्टी मग एकसारख्या दिसल्या असत्या. म्हणून मोजपट्टीच्या तळालाही जिवंत ठेवले आहे. इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या आधी हवेच्या दाबावर चालणारी नियंत्रणे होती. त्यांतही पट्टी ३ ते १५ पीएसआय अशी होती, शून्यापासून नव्हती. आमच्या विद्यार्थ्याने हे एका वाक्यात सांगितले होते: "सर, चारच्या खाली गेला तं तो आकडा नाही, तो वायर तुटला." साहित्यातील मौनाविषयी आपण किती पाने लिहितो. बोलणाऱ्याचे मौन आणि बोलणाराच नसणे यांतला भेद इतक्या नेमकेपणाने सांगणारे उदाहरण आमच्या वाचनात दुसरे नाही.

तिसरी गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, पण तिथे हे काम खरोखर कळते. मध्यम दाबाच्या बहुतेक बॉयलरांत वाफ आणि पाणी वेगळे करणारा एक मोठा पिंप, ड्रम, असतो. त्यातली पाण्याची पातळी फार खाली गेली तर नळ्या जळतात, फार वर गेली तर वाफेबरोबर पाणी पुढे जाऊन यंत्रांची हानी करते. म्हणजे पातळी सांभाळायची. सोपे वाटते. पण कारखान्याने एकाएकी जास्त वाफ ओढली की ड्रममधला दाब पडतो, दाब पडला की पाण्यातले वाफेचे बुडबुडे फुगतात, आणि पातळी वर चढलेली दिसते, प्रत्यक्षात पाणी कमी होत असताना. नुसत्या पातळीवर विश्वास ठेवणारे नियंत्रण अशा वेळी पाणी बंद करू लागेल, नेमके हवे असताना. म्हणून पातळीबरोबर बाहेर जाणारी वाफ किती आणि आत येणारे पाणी किती, या दोन साक्षी आणखी घेतल्या जातात. तिन्ही मिळून निर्णय. (तिरोड्यासारख्या अतिक्रांतिक दाबाच्या संचात हा ड्रमच नसतो, २२१ बारच्या वर पाणी आणि वाफ यांच्यातली सीमारेषाच पुसली जाते. ते वेगळे प्रकरण.) एका साक्षीदारावर निकाल देऊ नये हे मेकॅनिकला पुस्तकाने शिकवलेले असते आणि रात्रपाळीने पटवलेले असते. पाठचिकित्सेत एका पोथीवर विसंबू नये हे आपणही शिकवतो. फक्त आपली पोथी चुकली तर नळ्या जळत नाहीत.

आता कोणी म्हणेल, हे सगळे यंत्र आपोआप करते, त्यात माणूस कुठे आहे? या प्रश्नाला इतिहासातच एक चांगले उत्तर आहे. बहुतेक औद्योगिक नियंत्रणाचा गाभा असलेली पीआयडी पद्धत तीन गोष्टी पाहते: आत्ता चूक किती आहे, आजवर चूक किती साठली आहे, आणि ती कोणत्या वेगाने वाढते वा घटते आहे. वर्तमान, भूत आणि भविष्य असे तीन काळच म्हणा ना. या पद्धतीची गणिती मांडणी निकोलस मिनोर्स्की याने १९२२ साली केली ती जहाजाचे सुकाणू धरणाऱ्या खलाशांचे निरीक्षण करून. कसबी खलाशी फक्त आत्ताचा कल पाहून चक्र फिरवत नाही, जहाज किती वेगाने वळते आहे हेही जोखतो, हे त्याच्या ध्यानात आले. म्हणजे आज ज्याला आपण स्वयंचलित म्हणतो त्याच्या पोटात एका निनावी कामगाराच्या हाताची सवय आहे. तुसावर चालणाऱ्या बॉयलरवरचा जुना फायरमन धुराचा रंग पाहून हवा कमी-जास्त करायचा. त्याची ती नजर पुढे पॅनेलमध्ये गेली. कशी गेली, किती गेली, काय बाहेर राहिले, हे लिहिणारा मराठी लेखक आम्हांस हवा आहे.

आणि बाहेर राहते बरेच. पॅनेलला आकडा दिसतो. आकड्यावर विश्वास ठेवावा की नाही हे दिसत नाही. जुने झालेले थर्मोकपल पुष्कळदा खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवू लागते, आणि नियंत्रक आपला इमानेइतबारे जळण वाढवीत राहतो. ज्योत आहे की नाही हे सांगणारा डोळा, फ्लेम स्कॅनर, ज्योतीची लवलव ओळखतो, कारण तापून लाल झालेली वीटही उजेड देते पण ती लवलवत नाही. त्या डोळ्याच्या काचेवर काजळी बसली की धगधगती भट्टीही त्याला विझलेली दिसते आणि बॉयलर 'ट्रिप' होतो. पुन्हा पेटवण्याआधी तेल, वायू किंवा कोळशाच्या भुकटीवर चालणाऱ्या भट्टीतली हवा पंख्याने अनेकदा बदलावी लागते, आत न जळलेले जळण साठले असेल तर स्फोट होईल म्हणून. तोवर उत्पादन बंद. वरून फोन सुरू.

इथे या कामातला नैतिक प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे नाव आहे जंपर. तारेचा वीतभर तुकडा. सुरक्षेचे जे कुलूप बॉयलरला थांबवते आहे त्याच्या दोन टोकांना तो जोडला की यंत्राला वाटते सगळे ठीक आहे. कधी ते योग्यच असते: उपकरण खरोखर बिघडलेले आहे, दुसऱ्या मार्गाने खात्री केली आहे, लेखी परवानगी आहे, वहीत नोंद आहे, काम होताच तो काढायचा आहे. कधी मात्र पहाटेचे तीन वाजलेले असतात, माल खोळंबलेला असतो, आणि 'टाक जंपर, सकाळी पाहू' एवढेच तोंडी सांगितलेले असते. टाकणारा हात मेकॅनिकचा, आणि पुष्कळदा तो कंत्राटी. नोंद करायचा आग्रह धरला तर तो आडमुठा ठरतो; न धरला आणि काही घडले तर चौकशीत पहिले नाव त्याचे. आपल्या कामगार-साहित्यात मालकाविरुद्ध उभे राहण्याचे प्रसंग आहेत. पण वहीत एक ओळ लिहायची की नाही, या प्रसंगाइतका मराठी लेखकाला जवळचा प्रसंग कोणता असेल? तोच आपण लिहिलेला नाही.

न लिहिल्याचा परिणाम बातम्यांच्या भाषेत दिसतो. १ नोव्हेंबर २०१७ रोजी उत्तर प्रदेशातील ऊंचाहारच्या औष्णिक केंद्रात दुर्घटना होऊन चाळीसहून अधिक माणसे दगावली. २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत स्फोट झाला, तेव्हा पहिल्या बातम्या बॉयलरच्या स्फोटाच्या होत्या आणि नंतर सांगण्यात आले की फुटला तो रिअ‍ॅक्टर. दोन्ही वेगळी यंत्रे, वेगळी कारणे, वेगळी जबाबदारी. पण आपल्या शब्दसंग्रहात कारखान्यात फुटणारी वस्तू एकच. या देशात बॉयलरचे कायदे झाले तेही माणसे मेल्यानंतर: १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटला, १८६४ साली बंगालचा कायदा आला, पुढे १९२३चा देशव्यापी कायदा, आणि २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा. महाराष्ट्रात हे पाहणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या पाटीवर 'बाष्पके' असा शब्द आहे. तो शब्द उच्चारणारा मेकॅनिक आम्हांस अद्याप भेटलेला नाही.

यावरून कोणी 'बाष्पक' शब्दाची टिंगल करावी असे आम्ही सुचवीत नाही. परिभाषा घडवणाऱ्यांनी निष्ठेने काम केले. पण त्यांनी नामे घडवली. कामाच्या जागी मराठी टिकली ती क्रियापदांत. आमच्या विद्यार्थ्याचे बोलणे ऐका: कार्ड उडाले, मोटर करंट खाते, व्हॉल्व्ह अडकला, तापमान सेट पॉइंट पकडत नाही, जंपर मारला, बॉयलर बसला. नाम जवळजवळ प्रत्येक इंग्रजी, आणि क्रिया एकूण एक मराठी. उडणे, खाणे, पकडणे, मारणे, बसणे ही शेतातली, घरातली, अंगणातली क्रियापदे पॅनेलवर जाऊन नव्या अर्थाने राबत आहेत. भाषाविज्ञानाच्या पेपरात आपण 'भाषासंकर' असा मथळा देऊन पुढे जातो, आणि उदाहरणे मात्र दूरदर्शनच्या जाहिरातींतली देतो.

मराठीत ही दृष्टी नव्हती असे नाही, हेच तर दुखणे आहे. मोल्सवर्थच्या कोशात धंद्यांचे आणि अवजारांचे किती शब्द आहेत हे तो चाळणाऱ्याला ठाऊक आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गांव-गाडा' लिहिताना बलुतेदाराचे काम नीट पाहिले. इटियाडोहपासून फार लांब नसलेल्या नवेगावबांधला मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून राहिले, आणि पाखरांची, झाडांची, माशांची जी नावे इथल्या माणसांच्या तोंडी होती ती त्यांच्यामुळे मराठी गद्यात आली. साकोलीच्या हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीसाठी आयुष्य वेचले. याच मुलखात पक्ष्याचे स्थानिक नाव टिपून ठेवावे हे सर्वांना पटते. बॉयलरवरच्या माणसाचा शब्द टिपावा असे म्हटले की भुवया उंचावतात. जंगल साहित्याचा विषय होते कारण ते मावळते आहे, आणि गिरणी होत नाही कारण ती चालू आहे, असा काहीसा हा न्याय दिसतो.

यंत्रावरचे काम साहित्यात येऊच शकत नाही, असे मानणाऱ्यांना दोन नावे सुचवतो. प्रिमो लेवी हा इटालियन रसायनतज्ज्ञ; त्याने १९७८ साली एका जोडारी कामगाराला निवेदक करून पुस्तक लिहिले, त्यात तो कामगार क्रेन आणि मनोरे उभारण्याच्या गोष्टी सांगतो. ऑशविट्झमधून परत आलेल्या माणसाला नीट झालेल्या कामाचा आनंद लिहावासा वाटला, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. दुसरे नाव जवळचे, हिंदीतल्या शेखर जोशींचे. ते लष्करी कार्यशाळेत नोकरीला होते; त्यांच्या 'बदबू' कथेत हाताला येणारा केरोसीनचा वास हळूहळू जाणवेनासा होणे हाच सगळा संघर्ष आहे. घोषणा एकही नाही. कामाच्या आतून आल्याशिवाय ती कथा सुचणे अशक्य होते.

मराठीत तसे होण्यासाठी कोणी मेकॅनिकने कादंबरी लिहीपर्यंत वाट पाहावी, हे आम्हांस मान्य नाही. आमच्या विद्यार्थ्याला तर तसली हौसही नाही. बारा तासांच्या पाळीनंतर तो झोपतो. त्याच्यावर कविता करावी असेही त्याला वाटत नाही, आणि आम्हांलाही नको. पण नव्या शैक्षणिक धोरणाने एम.ए.च्या अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंग आणले आहे, आणि मराठीचे विद्यार्थी त्यासाठी वृत्तपत्राच्या कचेरीत नाहीतर ग्रंथालयात पाठवले जातात. त्यांतल्या चार जणांना उसना तांदळाच्या गिरणीत पाठवावे. पॅनेलला हात लावायचा नाही; पाळीवरच्या माणसाशेजारी बसायचे, तो काय बोलतो ते ऐकायचे, आणि पाळी बदलताना एक माणूस दुसऱ्याला काय सांगून जातो ते त्याच्या परवानगीने लिहून घ्यायचे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या महाविद्यालयातही पेढे वाटले गेले. त्या अभिजात भाषेत पाळीबदलाच्या वेळचा एक संवाद कसा होतो, याची नोंद आमच्या विभागाच्या कपाटात आज नाही.

विद्यार्थ्यांना पाठवायचे झाले तर पहिली अडचण आम्हांस आत्ताच दिसते. गिरणीतला माणूस विचारील, हे कशासाठी? 'बोलीचा अभ्यास' असे उत्तर दिले तर तो अवघडून प्रमाण मराठी बोलू लागेल आणि सगळेच हातचे जाईल. त्यापेक्षा विद्यार्थ्याने सरळ त्या दिवशीचे काम विचारावे: काल रात्री काय ट्रिप झाले होते, आकडा खोटा आहे हे कशावरून ओळखलेत, आणि वहीत काय लिहिले.